मैदान कोणाचे?

जत्रेला जाणाऱ्या माणसांचे आपल्या भाषेने तीन वर्ग पाडले आहेत : हौशे, नवशे आणि गवशे. हौशाला जत्राच हवी असते. नवशाला देवाचे देणे फेडायचे असते. गवशाची नजर मात्र गर्दीत काही गवसते का, याकडे असते. हे वर्ग पाडणारा मोठा समंजस माणूस असला पाहिजे, कारण त्याने तिघांपैकी कोणालाही जत्रेबाहेर हाकललेले नाही. तिघे मिळूनच जत्रा भरते. परंतु गवशांची सोय पाहून जत्रेची आखणी होऊ लागली, तर हौशांनी कोठे जावे? महाविद्यालयांतील खेळ आणि गाणे यांविषयी विचार करू लागलो की हा प्रश्न मला छळतो.

खेळात किंवा सांस्कृतिक कार्यक्रमांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत दहा वाढीव गुण मिळावेत, ही मुंबई विद्यापीठातली सवलत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. आता पाऊल याच्याही पुढे पडले आहे. मद्रासच्या आय. आय. टी. ने २०२४ पासून उत्तम खेळाडूंसाठी आणि २०२५ पासून ललित कलांत प्रावीण्य मिळवलेल्यांसाठी प्रवेशाच्या काही जागा वेगळ्या ठेवल्या. या गोष्टींचे सर्वत्र स्वागतच झाले आणि ते होणे स्वाभाविक आहे. नुसत्या पाठांतराला गुण देणाऱ्या शिक्षणाने पळणाऱ्या पायांची आणि गाणाऱ्या गळ्याची दखल घेतली, यात कोणाला वाईट वाटावे? तथापि हे दहा गुण नेमके कशाचे, असे विचारले की उत्तर देताना आपण अडखळतो. स्पर्धेमुळे तास बुडाले त्याची भरपाई म्हणावी, तर ती न्याय्य आहे. पण मग ती बुडालेल्या तासांच्या हिशेबाने द्यावी. ते बक्षीस म्हणावे, तर पोहण्यात जिंकलेल्या मुलाला अर्थशास्त्राच्या गुणांत बक्षीस का? आणि खेळणे हेच शिक्षण आहे, म्हणून गुण आहेत असे म्हणावे, तर ते शिक्षण संघात निवड झालेल्या मूठभरांनाच का मिळावे? ज्याला बेरीज येते त्यालाच गणिताच्या वर्गात बसू द्यायचे, असा नियम आपण कधी केलेला नाही.

या तिसऱ्या प्रश्नापाशी मला थांबावेसे वाटते. पहिल्या दोहोंचा निकाल एखादी समिती लावू शकेल. तिसरा समितीच्या आवाक्यातला नाही.

त्याआधी गवशांच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण त्यांच्याविरुद्ध बोलणे फार सोपे आहे. ज्या मुलाच्या घरी दोन वेळच्या जेवणाची विवंचना आहे, ज्याला कबड्डीच्या किंवा कुस्तीच्या जोरावर रेल्वेत नाही तर पोलिसांत चिकटता येईल, त्याला ‘खेळ हा खेळासाठी खेळावा’ असे सांगायला जीभ धजावू नये. हौस ही पुष्कळदा पोट भरलेल्याची असते. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूचे जे उदात्त ध्येय गेल्या शतकापूर्वी जोपासले गेले, त्याला हा वास फार आहे. हेन्लीच्या नौकास्पर्धा म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वल्हेकऱ्यांचे माहेरघर. तेथल्या नियमांनी हौशी माणसाची व्याख्या अशी केली होती की, हातांनी मजुरी करून पोट भरणारा तिच्यात बसू नये. पैसे घेऊन वल्हवणारा नको, हे समजू शकते. पण विटा रचणाराही नको! १९२० मध्ये जॉन केली या अमेरिकन वल्हेकऱ्याला तेथे प्रवेश नाकारला गेला. तो पूर्वी गवंडीकाम करीत असे, हे त्याच्या आड आले, आणि त्याच्या क्लबावर तर आधीपासूनच बंदी होती. त्याच वर्षी ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याच्या नौकेचे सुवर्णपदक जिंकले, आणि अंतिम शर्यतीत हरवले तेही हेन्लीच्या त्या वर्षीच्या विजेत्याला. मजुरांना वगळणारे ते कलम १९३७ मध्ये रद्द झाले. सोवळ्याओवळ्याचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला या व्याख्येचा अर्थ कोणी फोड करून सांगायला नको. म्हणून हौसेचा कैवार घेताना ती कोणाची हौस, हे आधी पाहून घ्यावे लागते.

शिवाय गवशे काही आज उगवलेले नाहीत. अमेरिकेतल्या दोन महाविद्यालयांतला पहिला क्रीडासामना म्हणून जो सांगितला जातो, ती हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या एका सरोवरावर झाली. तिचा खर्च केला होता एका रेल्वे कंपनीने. सरोवराकडे नवी गाडी जात होती आणि तिला उतारू हवे होते. मुलांना फुकटात सुट्टी मिळाली, कंपनीला जाहिरात मिळाली आणि विद्यापीठीय खेळांचा मुहूर्त झाला. सामन्यातला जाहिरातदार नंतर आला असे आपण समजतो. खरे तर तो खेळाडूंच्याही आधी येऊन बसला होता.

पुढे याचे काय झाले, हे पाहण्यासाठी शिकागो विद्यापीठाची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. हे विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित; परंतु नव्या विद्यापीठाचे नाव लोकांच्या तोंडी व्हायचे तर फुटबॉलचा चांगला संघ हवा, हे त्या पंडिताने ओळखले होते. (हा फुटबॉल आपला नव्हे, अंगावर धावून जाण्याचा आणि हातात चेंडू घेऊन पळण्याचा तो अमेरिकन खेळ आहे.) त्यांनी एमॉस अलोंझो स्टॅग या तरुणाला बोलावून घेतले आणि त्याला शिकवणारा गडी म्हणून न ठेवता अध्यापकवर्गात सन्मानाने नेमले. स्टॅग तेथे चार दशके राहिला. संघाने नाव काढले, मैदानाभोवती प्रेक्षकांसाठी प्रचंड स्टँड उभे राहिले, मैदानालाच स्टॅगचे नाव मिळाले. पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्धीस आलेले पारितोषिक १९३५ मध्ये प्रथम दिले गेले, ते याच विद्यापीठाच्या जे बर्वँगर या खेळाडूला.

आणि मग १९२९ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. अभिजात ग्रंथांच्या अध्ययनावर त्यांची श्रद्धा होती. विद्यापीठाचे काम आणि करमणुकीचा धंदा एका छपराखाली नांदणार नाहीत, असे त्यांचे मत होते. इकडे अभ्यासाच्या अटी कडक झाल्यामुळे संघ दुबळा होत चाललेला होता. १९३९ च्या हंगामात मिशिगनकडून ८५ विरुद्ध शून्य असा पराभव पदरी आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिकागोने आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केला. विद्यार्थ्यांचे आपसांतले खेळ मात्र चालू राहिले.

ओस पडलेल्या त्या स्टँडखाली रॅकेट्स खेळण्याची एक बंदिस्त जागा होती. तेथे २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभंजनाची स्वतःहून चालत राहणारी पहिली मानवनिर्मित शृंखला-प्रक्रिया घडवून आणली. तेथून हिरोशिमा अवघे पावणेतीन वर्षे दूर होते. खेळ गेला म्हणजे विद्यापीठ आपोआप सात्त्विक झाले, असे मानणाऱ्यांनी ही जागा डोळ्यांपुढे ठेवावी. मैदानावर जास्तीत जास्त काय झाले असते? कोणाचे तरी हाड मोडले असते. मनुष्याच्या हातून होणारे मोठे अनर्थ पुष्कळदा अतिशय गंभीर चेहऱ्याने केलेल्या कामातून होतात, खेळातून नव्हे.

तरीही हचिन्स यांचे निदान बरोबर होते असेच मला वाटते. मात्र त्यांनी दिलेले औषध रोग्याला पुरे लागू पडेल असे नव्हते. धंदा नको म्हणून त्यांनी खेळच काढला. धंदा काढून खेळ ठेवता येतो का, हे आधी पाहायला हवे होते. तो प्रयोग शिकागोनेच पुढे केला. १९६९ मध्ये तेथे फुटबॉल परत आला, पण लहान होऊन आला. आज त्या संघातल्या मुलांना खेळाबद्दल शिष्यवृत्ती मिळत नाही. जुने मैदान केव्हाच नाहीसे झाले आहे. त्या जागी १९७० मध्ये विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय उघडले.

शिकागोने जी वाट सोडली तिच्यावर बाकीची मोठी विद्यापीठे कोठवर जाऊन पोहोचली, तेही पाहण्यासारखे आहे. लाखभर प्रेक्षकांची मैदाने उभी राहिली, दूरचित्रवाणीचे अब्जावधी डॉलरांचे करार झाले आणि कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक, अशी स्थिती आली. खेळणारा मुलगा मात्र ‘हौशी विद्यार्थी-खेळाडू’ म्हणूनच राहिला. त्याला शिकण्याचा, राहण्याचा, जेवण्याचा खर्च मिळे. मोबदला मिळत नसे. त्याला हौस म्हणून खेळ असे सांगायचे आणि त्याच्या हौसेची तिकिटे आपण विकायची, हा व्यवहार कोणत्याही नीतीत बसणारा नव्हता. २०२१ मध्ये आपले नाव आणि चेहरा यांवर कमाई करण्याची त्याला मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने संमत केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याचा मार्ग खुला झाला. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण दोन कोटी डॉलरांपर्यंत रक्कम वाटता येईल, अशी मर्यादा ठरली. हे योग्यच झाले. श्रम विकले जात असतील तर दाम श्रमणाऱ्याला पोहोचले पाहिजे.

पण एक हिशेब फिटला म्हणून सगळे खाते मिटत नाही. मोबदला मिळाला तो संघातल्या मुलांना. त्याच विद्यापीठात तीस-चाळीस हजार मुलेमुली शिकत असतात. त्यांच्या वाट्याला काय येते? अंगात विद्यापीठाच्या रंगाचा सदरा आणि स्टँडमध्ये एक जागा. त्यांच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. तेही म्हणत नाहीत. ते आनंदाने ओरडत असतात. म्हणूनच हा अन्याय ओळखायला कठीण आहे.

‘आम्ही जिंकलो’ हे वाक्य मोठे विलक्षण आहे. खेळतात अकरा; जिंकतात अकराशे. या ‘आम्ही’ची मी थट्टा करीत नाही. वर्गात शेजारी बसणाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या मुलाला एका संध्याकाळी आपण कोणाचे तरी आहोत असे वाटते, ही लहानसहान गोष्ट नव्हे. आपल्यापैकी एकाने आपल्या वतीने काही करावे आणि त्याचा अभिमान आपल्याला वाटावा, यावर निम्मे समाजजीवन उभे आहे. पण ‘वतीने’ या शब्दात एक धोका दडलेला असतो. जे दुसऱ्याने माझ्या वतीने केले, ते मला करण्याची गरज उरली नाही असे मला वाटू लागते, आणि ती गरज उरली नाही असे संस्थेलाही वाटू लागते. विद्यापीठांच्या एकूण क्रीडाकर्तृत्वासाठी आपल्याकडे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. (त्या ग्रंथप्रेमी विद्वानाचे नाव खेळाच्या करंडकाला जोडले गेले, हाही एक योगायोगच.) तो वर्षानुवर्षे बहुतांशी पंजाबकडच्या विद्यापीठांनी जिंकला आणि त्यामागे त्यांची मेहनत आहे. पण तो मोजतो काय? पदके. एखाद्या विद्यापीठातल्या किती मुलींनी पदवी घेईपर्यंत एकदा तरी हातात बॅट धरली, हे मोजणारा करंडक अजून कोणी ठेवलेला नाही.

मुलींची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकाशर्यत १८२९ पासूनची. स्त्रियांची शर्यत १९२७ मध्ये सुरू झाली, पण पुरुषांच्याच दिवशी, टेम्सच्या त्याच पट्ट्यात त्यांना वल्हवायला मिळाले ते २०१५ मध्ये. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली, आणि त्याचा सर्वांत दूरवर परिणाम झाला तो क्रीडांगणावर. त्या कायद्याची दृष्टी मला महत्त्वाची वाटते. मुली किती पदके आणतील, असे तो विचारीत नाही. त्यांना खेळायची संधी मुलांइतकी आहे का, एवढेच विचारतो. म्हणजे खेळणे ही कोणाच्या तरी वतीने करायची कामगिरी नसून शिकणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे, ही गोष्ट निदान एका कायद्याला कळलेली आहे.

गाण्याची तऱ्हा जरा वेगळी आहे. खेळात एकाने जिंकायचे तर दुसऱ्याने हरावेच लागते. गाण्यात कोणी हरण्याची आवश्यकता नसते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात सत्राच्या काळात बहुतेक रोज संध्याकाळी प्रार्थनागीते गायली जातात. लहान मुलांबरोबर गाणारे तरुण तेथलेच विद्यार्थी असतात. कोणी गणित शिकतो, कोणी इतिहास. नाताळच्या आदल्या दिवशीचे त्यांचे गायन १९१८ पासून चालू आहे आणि नभोवाणीमुळे जगभर पोहोचले आहे. पण वर्षातल्या इतर संध्याकाळी निकाल नसतो, करंडक नसतो, आणि श्रोते थोडे असले तरी गाणे तेवढेच मन लावून होते. त्यांचा दर्जा जगात वाखाणला जातो. दर्जा स्पर्धेनेच टिकतो असे म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल.

ब्राम्झचीही एक मौजेची गोष्ट आहे. ब्रेस्लाऊ विद्यापीठाने (ते शहर आज पोलंडमध्ये आहे) या थोर संगीतकाराला १८७९ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. नुसत्या आभाराच्या पत्राने भागणार नाही, काही रचना करून द्यावी, असे त्याला सुचवण्यात आले. १८८१ च्या जानेवारीत त्याने ती स्वतः वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. प्राध्यापकमंडळी भारदस्त काही ऐकण्याच्या तयारीने बसली असणार. आणि ऐकू आल्या विद्यार्थी बिअर पिताना गातात त्या चाली! त्या विद्वत्सभेला ब्राम्झने तिचे स्वतःचेच गाणे परत केले. कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेले ते गाणे खानावळीतल्या बाकांवर बेसूर गळ्यांनीच जिवंत ठेवले होते.

आपल्याकडे गाण्याला विद्यालयाच्या दारातून आत यायलाच फार झगडावे लागले. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला संगीताचे कॉलेज उभे राहिले. भातखंडे स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर आणि व्यवसायाने वकील. गाणे हे कोठीवर किंवा दरबारात विकत घ्यायची वस्तू न राहता चांगल्या घरातल्या मुलामुलींनी शिकावे, ही या दोघांची तळमळ होती. त्या तळमळीत घरंदाजपणाचा आग्रह होता आणि त्यापायी ज्या कलावतींनी व उस्तादांनी ही विद्या सांभाळली त्यांचे ऋण पुसट झाले, हे खरे आहे. परंतु सामान्य माणसाला सुराची ओळख व्हावी, त्यातून तानसेन नाही तरी कानसेन निपजावेत, ही दृष्टी उदार होती. आज आपले युवक महोत्सव पाहिले तर ती दृष्टी कोठे गेली असे वाटते. दहा-पंधरा मिनिटांत राग उभा करायचा, तीत आलाप, तान, द्रुत चीज सगळे दाखवायचे, परीक्षकाने तक्त्यात आकडे भरायचे. मुले अतिशय तयारीची असतात. त्यांच्या तयारीपुढे मान लवते. पण पहिल्या फेरीच्या वेळी समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असतात ते पुढच्या क्रमांकाचे स्पर्धक, आणि त्यांचे लक्ष गाण्याकडे नसते, आपल्या पाळीकडे असते.

येथे कोणी म्हणेल की, कौशल्याला वाव दिला नाही तर सगळेच साधारण राहील. नाट्यक्षेत्रात पुरुषोत्तम करंडकाने १९६३ पासून मराठी रंगभूमीला किती माणसे दिली, याची आठवणही कोणी करून देईल. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. उत्तम खेळ आणि उत्तम गाणे समोर नसेल तर हौशाला आपण किती पाण्यात आहोत हे कळणारच नाही, आणि न कळता केलेली हौस लवकर विटते. पण उलट बाजूनेही पाहावे. उत्तमाला ओळखणारा कोण? ज्याने स्वतः कधी तंबोरा जुळवायचा प्रयत्न केला आणि तो जुळला नाही, त्यालाच जुळलेल्या तंबोऱ्याचे मोल कळते. ज्याची दांडी दहादा उडाली आहे, तोच चांगला बचावात्मक फटका पाहून नकळत ‘वा!’ म्हणतो. वाईट खेळणारे मैदानावरून हाकलले की चांगले खेळणाऱ्यांना पाहायला उरतात ते नुसते ओरडणारे.

महाविद्यालयात प्रवेश घेताना पावतीवर जिमखाना फी नावाची एक रक्कम असते. ती सगळ्यांकडून घेतली जाते. ग्रंथालयाचीही घेतली जाते. पुस्तके वाचणारेही थोडेच असतात, असे म्हणून या दोहोंना एका तागडीत घालण्याचा मोह होतो. परंतु तेथे एक फरक आहे. ग्रंथालय कोणाला परत पाठवीत नाही. तुझे वाचन कच्चे आहे, तू विद्यापीठाच्या वाचनसंघात बसत नाहीस, असे कोणी ग्रंथपाल म्हणालेला ऐकिवात नाही. मैदानावर मात्र जूनमध्ये निवड होते, फळ्यावर यादी लागते, आणि ज्यांची नावे त्या यादीत नाहीत त्यांनी फी भरलेली असूनही त्यांचा मैदानाशी संबंध तेथे संपतो. जाळी संघासाठी बांधलेली असते. चेंडू संघासाठी मोजून ठेवलेले असतात.

गाण्याच्या खोलीचेही तसेच. पुष्कळ महाविद्यालयांत दोन तंबोरे, एक तबलाजोडी आणि एक पेटी असते. ती एका कपाटात असतात. महोत्सवाच्या आधी तीन आठवडे ते कपाट उघडते, महोत्सव झाला की बंद होते. किल्ली कार्यालयात असते. ती कोणी मागितली तर कार्यालयातला माणूस साहजिकच विचारतो, ‘कोणत्या स्पर्धेसाठी?’